अक्का, तुझी लढाई कुणाशी होती

अक्का,

तू जिंकलीस असं सगळे म्हणताहेत. रावेरला तुझ्या अंगणात मांडव घातला होता, दोन्ही बाजूंना मोठे पंखे लावले होते, आणि जो येत होता तो माझा हात हातात घेऊन हेच सांगत होता. तुमच्या बहिणीने विजय मिळवला, आता ती प्रभूजवळ आहे. मी मान हलवत होते. एवढ्या माणसांना कोण विचारत बसणार, की विजय कुणावर, आणि त्या लढाईत जे मोडलं त्याचं काय.

तुझ्याशी मात्र मला बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू मध्येच उठून गेलीस. रविवारी उपासनेला जायच्या आधी पोह्यांना फोडणी देताना ओट्याशीच खाली बसलीस, ती परत उठली नाहीस. मेंदूत रक्तस्राव झाला, डॉक्टर म्हणाले. तुझ्या चर्चच्या मंडळीत मात्र त्याच दुपारपासून सुरू झालं, की हा शत्रूचा शेवटचा वार होता. तुला ते पटलं असतं. तुला सगळीकडे वार दिसायचा.

हे आलं कुठून, ते मला ठाऊक आहे. धुळ्याला आपल्या दोन खोल्यांच्या घरात आबा दिवेलागणीला आपल्याला प्रार्थनेला बसवायचे. शाळेत शिपायाचं काम करून आलेला माणूस, पायांना भेगा, पण प्रार्थनेआधी हातपाय धुऊन स्वच्छ सदरा घालणार. गीत झालं की ते आपल्या दोघींना एकच प्रश्न विचारायचे. आज कुठे हरलात? सैतान म्हणजे शिंगं आणि शेपटीवाला कुणी, असं आबांनी आपल्याला कधीच सांगितलं नाही. ते म्हणायचे, तो आपल्याच आवाजात बोलतो, म्हणून तर ओळखू येत नाही. खोटं बोलायच्या आधी, दुसऱ्याचं वाईट चिंतायच्या आधी, आत एक आवाज येतो की एवढ्याने काय होतं, तो त्याचा. तिथे त्याला नाही म्हणायचं. एवढीच लढाई. आबांना तिच्यासाठी मांडव, माइक, पंखे काही लागायचं नाही.

मी लहान होते. मी रोज काहीतरी रचून सांगायचे, मांजरीला दगड मारला, कैरी चोरली. तू मात्र खरंच विचार करायचीस आणि खरंच रडायचीस. नाताळच्या कार्यक्रमात शालिनीला एकटीला गायला निवडलं, तेव्हा तिचा घसा बसावा असं तुझ्या मनात आलं आणि दुसऱ्याच दिवशी तिचा घसा बसला. हे तुझ्यामुळेच झालं अशी तुझी खात्री. वाटीत मध आणि आलं घेऊन तू तिच्या घरी गेलीस आणि दारात उभी राहून तिला सगळं सांगून टाकलंस. शालिनीला काही कळलं नाही, तिने मध चाटून वाटी परत दिली. आबा खूप हसले. मग त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तेव्हा तुझा हेवा वाटला होता. आपल्याला असं आतलं काही दिसत नाही, अक्काला दिसतं, असं वाटायचं.

लग्न होऊन तू रावेरला गेलीस. दाजी केळीच्या गाड्या भरून द्यायचं काम बघायचे, बागांतून घड आले की मजुरांकडून ट्रक भरून घ्यायचे आणि उत्तरेकडे रवाना करायचे. तुला अंगणवाडीत काम मिळालं. तिथल्या नव्या मंडळीत तू जायला लागलीस आणि आबांचा तो साधा, आपल्याच आवाजात बोलणारा शत्रू हळूहळू बदलत गेला. आता तो घराच्या उंबऱ्यावर बसलेला असायचा. मिक्सर जळाला तर तो. सावद्याची एसटी चुकली तर तो. उपासाच्या दिवशी तुझं डोकं दुखलं तर तो. तू फोनवर सांगायचीस आणि मी हसायचे. म्हणायचे, अक्का, त्या बिचाऱ्याला सगळं जग सोडून तुझ्या मिक्सरचंच काय पडलंय. तूही हसायचीस. तुझ्यात ते होतं. स्वतःवर हसणं तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस.

एक गोष्ट मी विसरलेली नाही. माझ्या मुलाला, प्रशांतला, डेंग्यू झाला आणि त्याच्या पेशी उतरायला लागल्या, तेव्हा तू पहिल्या गाडीने जळगावला आलीस. मला भीती होती की तू येऊन हात वर करून मोठ्याने प्रार्थना करशील, वॉर्डातली माणसं बघतील. तू तसलं काही केलं नाहीस. त्याच्या चादरी धुतल्यास, मला जबरदस्तीने भाकरी खायला घातलीस आणि बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसून राहिलीस. मी म्हटलं, आत ये. तू म्हणालीस, तू ताप बघ, मी इथे भीतीशी भांडतेय. आणि खरंच, अक्का, त्या दिवसांत माझी भीती कुणीतरी बाहेर अडवून धरली आहे असं मला वाटत होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, तू लगेच मंडळीत उभी राहून त्याची साक्ष दिली असतीस म्हणून. आता सांगते.

पण त्याच श्रद्धेने तुझं काय केलं, तेही सांगायला हवं.

दाजी प्यायचे हे सगळ्यांना माहीत होतं. मारायचे हे मला माहीत नव्हतं. त्याला मार म्हणायला तू कधी तयारच नव्हतीस. मी जळगावला ज्या दवाखान्यात एक्स-रे काढते तिथे तू हात गळ्यात बांधून आलीस, तुझी लेक करुणा सोबत होती, आणि न्हाणीत पाय घसरला म्हणालीस. मी तुझा हात फळीवर ठेवला, तू ओठ दाबून धरलेस. स्क्रीनवर चित्र आलं. पाय घसरलेली बाई तळहातावर पडते आणि मनगट मोडून येते. तुझं मनगट शाबूत होतं. हाड मोडलं होतं ते मनगट आणि कोपराच्या मध्ये, करंगळीच्या बाजूला. तोंड वाचवायला हात वर केला की मार तिथे बसतो. अशी हाडं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्या सगळ्या बायका न्हाणीतच पडलेल्या असतात.

मी करुणाला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"अक्का, कुणी मारलं?"

"त्याच्यामागे जो आहे त्याने."

"मागे कोण आहे ते मला दिसत नाही. पुढे कोण होता ते सांग."

"आशा, आपली लढाई माणसाशी नाही."

"हाड माणसाचंच मोडलंय."

त्या खोलीत खूप गार असतं. तू पदर दुसऱ्या हाताने ओढून घेतलास आणि म्हणालीस, त्याच्यासाठी प्रार्थना कर. तुझ्यासाठी नाही. त्याच्यासाठी.

मला तेव्हा जो राग आला तो आजपर्यंत उतरलेला नाही. त्या माणसाचा तर आलाच, पण त्याहून जास्त तुला ज्यांनी हे शिकवलं त्यांचा. आबांनी तुला शिकवलं होतं की स्वतःच्या आतला शत्रू ओळख. यांनी तुला शिकवलं की समोरच्या माणसाने काहीही केलं तरी करणारा तो नव्हेच. आबांच्या शिकवणीत माणूस जबाबदार होता. यांच्या शिकवणीत तो सुटला आणि तू अडकलीस.

प्लास्टर घालून तू आणि करुणा माझ्याकडे राहिलात. मी पोलिसात जाऊ म्हणत होते, तू हात बरा होऊ दे म्हणत होतीस. आणि एका दुपारी तुमचे पास्टर आले, सोबत मंडळीतल्या दोन सिस्टर. आमच्या सोफ्यावर बसले, चहा घेतला, माझ्या नवऱ्याच्या, प्रकाशच्या, नोकरीची चौकशी केली. मग म्हणाले की शत्रूला कुटुंब फोडायचं असतं, आणि पत्नी घर सोडून गेली की लढाईतला मोर्चा मोकळा पडतो. तू मान खाली घालून प्लास्टरवरून बोट फिरवत होतीस. प्रकाश मंडळीच्या गोष्टीत कधी बोलत नाही. त्या दिवशी तो बोलला.

"पास्टर, शिपाई जखमी झाला तर त्याला मागे आणतात. पुढे नाही ढकलत."

पास्टर हसले. म्हणाले, हे आत्मिक आहे, असं मानवी विचाराने कळायचं नाही. त्या दोघी सिस्टरनी आमेन म्हटलं. त्यांतल्या एकीच्या भुवईवर जुनी खूण होती. मी त्या खुणेकडेच बघत होते आणि ते तिला कळलं. तिने पदर पुढे ओढला.

दाजी तुला न्यायला आले ते इस्त्रीचा सदरा घालून, हातात केळीची फणी घेऊन. पिऊन आले नव्हते. आणि तिथे तू जे केलंस ते आज रावेरमध्ये कुणालाच सांगायचं नाहीये. माझ्या बैठकीच्या खोलीत, करुणासमोर, माझ्यासमोर, तू उभी राहून त्यांना म्हणालीस:

"मी मरेपर्यंत तुमच्यासाठी प्रार्थना करीन. पण पुन्हा हात उचलला तर मी पोलिसात जाईन. मग म्हणू नका की सांगितलं नव्हतं."

तुझा आवाज आबांसारखा होता. दाजींनी फणी टीपॉयवर ठेवली आणि हो म्हणाले.

आणि पुन्हा हात उचलला. करुणाला पुढे शिकायला धुळ्याला पाठवायचं तू ठरवलंस, त्यांना ते नको होतं, वाद वाढला आणि त्यांनी तिच्यादेखत तुझ्या कानशिलात मारली. पुढचं मला करुणाने सांगितलं. तू स्वयंपाकघरात गेलीस, गुडघे टेकलेस, तिला वाटलं की आता आई दिवसभर उठणार नाही. पण तू लगेच उठलीस, चपला घातल्यास, तिचा हात धरलास आणि भर सकाळी पेठेतून चालत पोलीस ठाण्यात गेलीस. शेजारच्या लीलाबाई, केळीबागवाल्यांच्या घरच्या, त्या शेणाने भरलेले हात तसेच घेऊन तुमच्यामागे आल्या. ठाण्यातल्या बाई पोलिसाने तुला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. दाजींना बोलावून घेतलं आणि बाहेरच्या बाकावर दिवसभर बसवलं. गाड्या भरणारे त्यांचेच मजूर रस्त्याने जाताना त्यांच्याकडे बघत होते. नंतर त्यांना धुळ्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात जावं लागलं. त्यानंतर ते प्यायले नाहीत. तुझ्या अंगाला पुन्हा हात लावला नाही.

मी तुला तेव्हा फोनवर विचारलं होतं, प्रार्थना करून मग पोलिसात कशी गेलीस. तू म्हणालीस, "गुडघ्यांवरून उठले ती सरळ ठाण्यात गेले. मध्ये दुसरं काही नव्हतं. मला ते एकच काम वाटलं." अक्का, तुझ्या सगळ्या आयुष्यातलं हे एक वाक्य मी मंडळीत मोठ्याने वाचून दाखवायला तयार आहे.

मंडळीने काय केलं? पास्टर घरी आले आणि म्हणाले की घरातली गोष्ट तू बाजारात नेलीस, जगाच्या न्यायासमोर आपली लाज काढलीस. शुक्रवारची बायकांची प्रार्थना तू घ्यायचीस, ती तुझ्याकडून काढून घेतली. तू मागच्या रांगेत जाऊन बसायला लागलीस. मी म्हटलं, सोड ती मंडळी. तू सोडली नाहीस. दोन वर्षं मागे बसलीस, आणि तुझा नवरा, ज्याने तुझं हाड मोडलं, तो सुधारला म्हणून पुढे बसला. त्याला मंडळीच्या पंचांत घेतलं. मग साक्षी सुरू झाल्या, मंडळीच्या बहीण-भाऊ भाषेत. बहिणीच्या उपास-प्रार्थनेने सैतानाची बेडी तुटली आणि भाऊ दारूतून सुटला. यावलला सांगितलं, चोपड्याला सांगितलं, माइकवर सांगितलं. त्या साक्षीत ठाणं नव्हतं, बाक नव्हता, लीलाबाई नव्हत्या, व्यसनमुक्ती केंद्रातले डॉक्टर नव्हते. तुझा मोडलेला हातही नव्हता.

आणि तू गप्प बसलीस. आपलं भांडण आहे ते इथे.

या हिवाळ्यात तू माझ्याकडे आलीस तेव्हा आपण भरताची वांगी भाजत होतो. मी तुला विचारलं, त्या साक्षी ऐकताना तुला काही वाटत नाही का. तू वांग्याची जळलेली सालं काढत होतीस, बोटं काळी झाली होती. म्हणालीस, कुणामुळे सुटला ते प्रभूला माहीत आहे, श्रेयावरून भांडायला लागले तर तोही शत्रूचाच डाव. मी म्हटलं, श्रेयाचं नाही बोलत मी. करुणाचं बोलतेय. तिने तुझ्यासोबत चालत जाऊन सगळं पाहिलंय. तिला दर वेळी समोर बसून हे ऐकावं लागतं. तिला काय वाटत असेल, की आईने जे केलं ते इतकं लाजिरवाणं होतं की देवासमोरसुद्धा सांगू नये?

तुझे हात थांबले. मला वाटलं आता बोलशील.

"आशा, कडवटपणाला आत घेऊ नको. त्याला एवढीशी फट पुरते."

"माझ्या रागाला तू शत्रू म्हणतेस. आणि त्यांच्या हाताला बेडी म्हणतेस, म्हणजे त्यांची दया यायला हवी."

तू म्हणालीस, पुढच्या वेळी बोलू. मिरच्या ठेचायला घेतल्यास. भरीत झालं, आपण जेवलो, तू प्रशांतची थट्टा केलीस, संध्याकाळच्या गाडीने रावेरला गेलीस. पुढची वेळ म्हणजे तुझी शवपेटी.

आता तुझ्या स्मरणसभेचं सांगते. तिथे जे झालं ते तू ऐकायला हवं होतंस.

पास्टरांनी तुला प्रार्थनेची योद्धा म्हटलं. ज्यांनी तुला मागच्या रांगेत बसवलं तेच. चांगलं बोलले, मी नाही म्हणत नाही, दोनदा गहिवरले. मग साक्षीसाठी दाजींना उभं केलं. ते खूप वाळलेत. म्हणाले की सैतानाने मला बांधलं होतं, सैतानाने माझा हात उचलायला लावला, आणि या बाईने गुडघ्यांवर बसून मला सोडवलं. पहिल्यांदाच, अक्का, पहिल्यांदाच हाताचा उल्लेख झाला. आणि तोही असा. मांडवात स्तुती असो, स्तुती असो झालं.

करुणा माझ्याशेजारी बसली होती. धुळ्याहून आल्यापासून ती रडली नव्हती. ती उभी राहिली. तिच्याकडे माइक नव्हता आणि तिने आवाजही वाढवला नाही, पण पुढच्या सगळ्यांनी ऐकलं.

"बाबा, हात सैतानाचा नव्हता. तुमचा होता. आणि आई पोलिसात गेली होती, तेही सांगा."

पास्टर पुढे झाले, म्हणाले की आपण गीत घेऊ या, मुलगी दुःखात आहे. पेटीवाल्याने सूर धरलासुद्धा. आणि दाजींनी हात वर करून त्याला थांबवलं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. वर्षानुवर्षं ज्या माणसाचा मी मनातून तिरस्कार केला त्याच्या तोंडाकडे, तो आता कुठून निसटतो ते बघायला.

"माझा होता," ते म्हणाले. "हात माझा होता. ती पोलिसात गेली म्हणून मी थांबलो."

माइक खुर्चीवर ठेवून ते खाली बसले. कुणी आमेन म्हटलं नाही. मागे बायकांत लीलाबाई बसल्या होत्या, त्या शेजारणीला म्हणाल्या आणि ते सगळ्यांना ऐकू आलं, "बठ्ठा गावले माहीत शे, बहीन. पन तिनी कधी कोनले काही सांगं नही." म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं, अक्का, तू न सांगता. मग पास्टरांनी घाईघाईने आशीर्वाद दिला आणि पंगती बसल्या.

अक्का, तू ज्यासाठी इतकी वर्षं गुडघे टेकलेस ते हेच होतं ना? आबा ज्याला लढाई म्हणायचे ती हीच ना, की माणसाने आतल्या त्या आवाजाला नाही म्हणायचं आणि स्वतःचं नाव घ्यायचं? मग ते तुझ्या तोंडावर का नाही झालं? जिला मारलं तिला सोडून अख्ख्या मांडवाला त्याने सांगितलं. तू जिवंत असताना त्याला एवढं म्हणायला कुणी अडवलं होतं? पास्टरांनी त्याला सोपी वाट दिली, त्याने ती घेतली, आणि तू, माझी शहाणी बहीण, त्या वाटेवरचे काटेसुद्धा वेचून ठेवलेस. मला तुझा अभिमान आहे आणि मला तुझा राग आहे, आणि यांतलं एक दुसऱ्याला खाऊन टाकत नाही. रोज दोन्ही तसेच उठतात.

मी निघाले तेव्हा दाजी फाटकाशी आले. म्हणाले, आशाताई, माझ्यासाठी प्रार्थना करा. तू असतीस तर तिथेच डोळे मिटले असतेस. मी म्हटलं, तुम्हीच करा, माझ्याने आज होणार नाही. ते हो म्हणाले. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही, आणि त्याचाही मला राग आला.

मला वाटलं होतं करुणा माझ्यासोबत जळगावला येईल. मी तिची बॅग रिक्षात ठेवायला सांगितली होती. ती म्हणाली, मावशी, मी थोडे दिवस इथेच राहते, बाबा घाबरलेत, त्यांना एकट्याने जेवताही येत नाहीये. तिच्या आवाजात दया होती, पण ती तुझ्यासारखी आंधळी नव्हती. तिने त्यांना सर्वांसमोर उभं केलं होतं आणि आता त्यांना वाढायला राहत होती. मग मला जे सुचलं तेच बोलले.

"रात्री खोलीची कडी आतून लावून झोप."

"हो मावशी. आई पण लावायची."

"कधी? ते प्यायचे तेव्हा?"

"नाही. नंतरही. शेवटपर्यंत लावायची. मी सुट्टीला घरी आले की आम्ही दोघी माझ्या खोलीत झोपायचो, ती आधी प्रार्थना करायची, मग उठून कडी लावायची."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी बॅग काढून तिच्या हातात दिली.

अक्का, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. एवढं एकच सांगितलं असतंस, तर हात कुणाचा ते तुला कायम ठाऊक होतं हे मला कळलं असतं, आणि त्या दिवशी भरताची वांगी सोलता सोलता आपलं भांडण मिटलं असतं.